पुलाच्या कामासाठी क्रेन निवडताना: टनेज सगळ्यात शेवटी

पुलाच्या साइटवरून क्रेनची मागणी साधारण अशी जाते: "गर्डर पन्नास टनांचा आहे, शंभर टनी क्रेन पाठवा. डबल आहे, चालून जाईल." क्रेन येते, आउटरिगर (बाजूला पसरणारे टेकूचे पाय) पसरते, गर्डर (पुलाची लांब तुळई) जमिनीवरून उचलतेसुद्धा. पण पिअरच्या (पुलाच्या खांबाच्या) दिशेने बूम (क्रेनचा लांब हात) खाली घ्यायला लागली की कॅबिनमधला अलार्म बोंबलायला लागतो. रस्ता बंद करून ठेवलेला, वीस माणसं वर बघत उभी, आणि सगळे ऑपरेटरला म्हणत असतात, "थोडंच राहिलंय, घे."

क्रेनच्या नावातला टनांचा आकडा सर्वांत आखूड बूम, पूर्ण काउंटरवेट (तोल राखायला मागे लावलेली वजनं) आणि साधारण ३ मीटर रेडियस (क्रेनपासून लोडपर्यंतचं आडवं अंतर) धरून दिलेला असतो. पुलावर त्या रेडियसला काहीच उचललं जात नाही. आउटरिगरच जवळपास तिथवर पसरलेला असतो. तीच शंभर टनी क्रेन २० मीटर रेडियसला नेली की बऱ्याच मॉडेलांत क्षमता १५ टनांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. म्हणून टनेजपासून सुरुवात करू नका. खालच्या क्रमाने जा. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं. मधला एक गाळला की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

## आधी टेबलावर काय हवं

लिफ्टिंग हुकांच्या जागा दाखवणारं गर्डरचं किंवा सेगमेंटचं ड्रॉइंग, पिअर कॅप आणि बेअरिंगच्या लेव्हल, मोजमापासह साइटचा नकाशा, मातीच्या तपासणीचा अहवाल, जमिनीखालच्या पाइप-केबलची माहिती. आणि बुजवलेल्या खड्ड्यांची यादी. ही यादी कुणाकडेच नसते, तुम्हालाच करावी लागते. पाया घालताना कुठे कुठे खणलं आणि ते कशाने भरलं, हे फोरमनला विचारून नकाशावर रंगवून घ्या. चौथ्या टप्प्यात तिच्यावाचून अडेल.

## टप्पा १: खरं वजन काढा

ड्रॉइंगवर लिहिलेलं वजन तसंच उचलू नका, स्वतः काढा. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटसाठी घनमीटरला २.५ टन, स्टीलसाठी ७.८५ टन धरा.

पुढच्या सगळ्या टप्प्यांत एकच उदाहरण घेऊ. गर्डर ३० मीटर लांब. टोकांकडचा जाड भाग धरून छेदाचं सरासरी क्षेत्रफळ ०.७० चौरस मीटर. म्हणजे २१ घनमीटर आणि ५२.५ टन. शटरिंग थोडं फुगलेलं असतं, डायफ्रॅमचे तुकडे बाहेर आलेले असतात, वर सळ्या असतात. ३ ते ५ टक्के वाढवून ५५ टन धरू.

आता हुकाखालचं सगळं मिळवा: हुक ब्लॉक, स्लिंग (लोड बांधायचे दोर), शॅकल (जोडणारी कडी), स्प्रेडर बीम (स्लिंगा दूर धरणारा आडवा दांडा). एकाच क्रेनने एवढा लांब गर्डर उचलायचा तर मोठा स्प्रेडर बीम लागतो आणि हे सगळं मिळून ६ टनांपर्यंत सहज जातं. म्हणजे क्रेनच्या दृष्टीने लोड ६१ टन.

इशारा: गर्डर कास्टिंग बेडवरून पहिल्यांदा सुटताना बेडला चिकटलेला असतो. ती चिकट क्रेनने तोडायची नाही. जॅक लावून एक टोक मोकळं करा, मग हुक घाला. जुन्या पुलाचा भाग काढताना तर वजनाचा अंदाज हमखास चुकतो, कारण वर डांबराचे थर चढत गेलेले असतात. तिथे जाडी ड्रिल करून मोजा.

## टप्पा २: क्रेनची जागा आणि रेडियस

रेडियस म्हणजे क्रेन ज्या रिंगवर फिरते तिच्या केंद्रापासून लोडच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर. कॅबिनपासून नाही, पुढच्या चाकापासून नाही, आउटरिगरपासूनही नाही. ही चूक इतकी सरसकट होते की दुसऱ्याने मोजलेला रेडियस मी कधीच तसाच वापरत नाही, "कुठून मोजलास?" हे आधी विचारतो.

नकाशावर तीन गोष्टी काढा: क्रेन, गर्डर घेऊन आलेला ट्रेलर आणि गर्डरची अंतिम जागा. उचलतानाचा रेडियस आणि ठेवतानाचा रेडियस वेगवेगळे असतात. यातला मोठा धरायचा. ट्रेलर दूर उभा राहिला तर मोठा रेडियस उचलतानाच येतो, म्हणून ट्रेलरची जागासुद्धा क्रेनच्या निवडीचाच भाग आहे.

मग प्रत्येक गर्डरसाठी हेच करा. एका स्पॅनमध्ये पाच गर्डर असतील तर पहिल्या आणि पाचव्यामध्ये १० मीटरचा फरक असू शकतो. मधल्या गर्डरचा रेडियस धरून क्रेन मागवायची आणि कडेच्या गर्डरला अडकायचं, हा प्रकार नेहमीचा. कुठला गर्डर आधी ठेवायचा तो क्रमही इथेच ठरवा. शक्यतो लांबचा आधी, जवळचा शेवटी. आणि शेवटचा गर्डर बसल्यावर क्रेन बाहेर कशी निघणार, हे पेन्सिलने काढून बघा.

भार आला की बूम वाकते आणि रेडियस वाढतो. लांब बूमला हा फरक अर्ध्या मीटरच्या पुढेही जातो. काढलेल्या रेडियसला तेवढं मार्जिन ठेवा.

तपासा: क्रेन फिरते तेव्हा मागचं काउंटरवेटही फिरतं. त्या वर्तुळापासून पिअर, मचाण किंवा उभ्या सळ्या किमान ६०० मिलिमीटर लांब हव्यात, नाहीतर मधे सापडलेला माणूस चिरडतो. तेवढी जागा बॅरिकेड लावून बंद करा.

## टप्पा ३: उंची आणि बूमची लांबी

खालून वर बेरीज करत जा. उदाहरणातला गर्डर दोन क्रेननी उचलायचा आहे असं धरू. बेअरिंगची वरची लेव्हल जमिनीपासून १२ मीटर, वरून नेण्यासाठी मोकळी जागा १ मीटर, गर्डरची खोली २ मीटर, स्लिंग ३ मीटर, हुक ब्लॉक आणि लिमिट स्विचसाठी (हुक बूमच्या टोकाला धडकण्याआधी थांबवणारा) ३ मीटर. बूमचं टोक २१ मीटरवर हवं.

बूमचा बुडखा जमिनीपासून अडीच मीटरवर आणि फिरण्याच्या केंद्रापासून २ मीटर मागे आहे, आणि रेडियस १० मीटर आहे असं धरा. उभं अंतर १८.५ मीटर, आडवं १२ मीटर. कर्ण निघतो सुमारे २२ मीटर. लोड चार्टमध्ये (कुठल्या रेडियसला, किती लांब बूमने किती वजन उचलता येतं, तो उत्पादकाचा तक्ता) २२ नसेल तर त्यापुढची लांबी घ्यायची, मागची नाही.

इथेच थांबलात तर अर्धंच काम झालं. बूम तिरकी असते आणि लोड तिच्या पोटाशी लोंबकळत असतो. वरच्या मांडणीत एक मीटर रुंद गर्डरला बूमपासून दोन मीटरहून जास्त जागा मिळते. त्याच मांडणीत ५ मीटर रुंद सेगमेंट उचलला तर ती जागा एक मीटरच्याही खाली जाते, आणि वाऱ्याने जरा फिरला तर तो बूमला टेकतो. उभा छेद प्रमाणात काढून पट्टीने मोजा. पिअर कॅपचा बाहेर आलेला कोपराही त्याच छेदात दाखवा.

उंची कमी पडते आहे असं दिसलं की साइटवर पहिला उपाय निघतो: स्लिंग आखूड करा. स्लिंग आखूड केली की तिचा आडव्याशी असलेला कोन कमी होतो आणि ताण चढत जातो. दोन पायांच्या स्लिंगवर ५० टन असतील तर ६० अंशांना प्रत्येक पायावर सुमारे २९ टन, ४५ अंशांना ३५ टन आणि ३० अंशांना थेट ५० टन येतात. शिवाय तिरक्या स्लिंगा गर्डरला दोन्ही टोकांकडून दाबतात. बारीक अंगाचा लांब गर्डर त्याने आडवा वाकून तडकू शकतो.

इशारा: कोन ४५ अंशांच्या खाली जात असेल तर स्प्रेडर बीम घ्या किंवा लांब बूमची क्रेन घ्या. उंची स्लिंगमधून चोरू नका.

## टप्पा ४: पायाखालची जमीन

क्रेन उलटण्यामागे बऱ्याचदा खचलेली जमीन असते, आणि निवडीच्या वेळी तिचाच विचार सर्वांत कमी होतो. क्रेन ठरवून झाल्यावर "मुरूम टाकून घेऊ" असं म्हणतात. उलट करा. जमीन किती भार घेते ते आधी, त्यावर कुठली क्रेन चालेल ते नंतर.

बूम एखाद्या आउटरिगरच्या दिशेने येते तेव्हा त्या एका पायावर मोठा हिस्सा जातो. पहिल्या अंदाजासाठी क्रेन, काउंटरवेट आणि लोड यांच्या बेरजेच्या ७५ टक्के भार एका पायावर धरा. नेमका आकडा क्रेनच्या उत्पादकाकडून किंवा भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्या.

क्रेन आणि काउंटरवेट मिळून १०० टन, लोड ३० टन. १३० चे ७५ टक्के म्हणजे ९७.५ टन. क्रेनची स्वतःची पायतळी ०.६ बाय ०.६ मीटर असेल तर चौरस मीटरला २७० टन दाब येतो. असा दाब खडकाशिवाय काही घेत नाही. खाली २.५ बाय २.५ मीटरची मॅट घातली की तोच दाब साडेपंधरा टनांवर येतो. पण मॅट ताठ असेल तरच. पातळ लोखंडी पत्रा पायाखाली वाकतो आणि त्याच्या कडा नुसत्या हवेत राहतात. क्षेत्रफळ कागदावर मिळतं, जमिनीवर नाही.

आता ती रंगवलेली यादी काढा. पाइल कॅपभोवतीचा भराव, पुलाच्या टोकाच्या भिंतीमागचा भराव, जुनं गटार, बुजवलेली विहीर. वरून सगळं एकसारखं सपाट दिसतं. एकदा आमच्याकडे तीन पाय पक्क्या जमिनीवर आणि चौथा, दोन महिन्यांपूर्वी भरलेल्या खड्ड्यावर होता. नुसती बूम फिरवताना तो पाय चार बोटं खाली गेला. हुकाला काहीच नव्हतं म्हणून निभावलं.

खड्ड्याच्या किंवा उताराच्या काठापासून अंतर: जमीन घट्ट असेल तर किमान खोलीइतकं, माती सैल किंवा भरावाची असेल तर खोलीच्या दुप्पट. ३ मीटर खोल खड्डा असेल तर अनुक्रमे ३ आणि ६ मीटर. हे अंतर पाळल्याने रेडियस वाढत असेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा. असं मागे-पुढे दोन-तीनदा होणारच.

तपासा: काम पावसाळ्यात जात असेल तर जमिनीची ताकद ओल्या अवस्थेतली धरा. कोरड्या दिवसांत घेतलेली चाचणी तेव्हा उपयोगी पडत नाही.

## टप्पा ५: क्रेनचा प्रकार

आता कुठे प्रकाराकडे यायचं.

मोजक्या लिफ्ट, पक्का रस्ता, रात्रीतून येऊन रात्रीतून जायचं असेल तर टेलिस्कोपिक बूमची ट्रक किंवा ऑल टेरेन क्रेन. ती आउटरिगरवर उभी राहून काम करते. लोड घेऊन चालायचं नाही.

ओळीने बरेच स्पॅन असतील आणि पुलाच्या कडेने सलग, सपाट पट्टा मिळत असेल तर क्रॉलर (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन). चार्ट परवानगी देत असेल तर ती लोड घेऊन चालते. पण ती ट्रेलरवर तुकड्यांत येते, जोडायला दुसरी क्रेन लागते आणि जाळीदार बूम जमिनीवर आडवी पसरायला तिच्या पूर्ण लांबीइतकी सरळ मोकळी जागा लागते. ही जागा विसरणारे मी बरेच पाहिलेत.

रफ टेरेन क्रेन ओबडधोबड साइटवरच्या मध्यम वजनांसाठी. हायड्रा (लोड घेऊन चालणारी छोटी क्रेन) शटरिंग, सळ्यांचे पिंजरे, पाइप अशा किरकोळ कामासाठी. तिला गर्डरच्या जवळ आणू नका. लोड घेऊन वळताना तिचं अंग मधून मुडपतं, तोल बाजूला जातो, आणि आधी सरळ उभी असताना उचललेलं वजनच तिला पाडतं. उंच पिअर किंवा पायलॉनवर रोज लहान लहान वजनं चढवायची असतील तर टॉवर क्रेन. खोल दरी, खालून वाहणारी वाहतूक, आणि सारख्या मापाचे पुष्कळ स्पॅन असतील तर क्रेन शोधत बसण्यापेक्षा लाँचरचा (पिअरवरूनच गर्डर पुढे सरकवून बसवणाऱ्या यंत्राचा) विचार करा.

नदीत बार्जवर क्रेन ठेवायची तर जमिनीवरचा लोड चार्ट बाजूला ठेवा. बूम बाहेर गेली की बार्ज त्या बाजूला झुकतो, झुकला की रेडियस वाढतो, रेडियस वाढला की आणखी झुकतो. ३ ऑगस्ट २०१५ रोजी नेदरलँड्समधल्या आल्फेन आन देन राइन इथे पुलाचा भाग उचलताना बार्जवरच्या दोन्ही क्रेन शेजारच्या घरांवर कोसळल्या; तिथल्या तपासात बार्ज आणि क्रेन मिळून स्थिरता अपुरी होती हेच निघालं. अशा लिफ्टसाठी नौका-स्थिरतेचं गणित करणारा माणूस आणि बार्जच्या झुकावासाठी बनवलेला वेगळा चार्ट, दोन्ही हवेत.

## टप्पा ६: लोड चार्ट वाचा

एकाच क्रेनचे अनेक चार्ट असतात. आधी योग्य पान शोधा: काउंटरवेट किती, आउटरिगर पूर्ण उघडे की अर्धे, बूमची लांबी किती, आणि लोड कुठल्या बाजूला. काही क्रेनची क्षमता मागच्या बाजूला जास्त आणि कडेला कमी असते. मागून उचलून कडेला ठेवायचं असेल तर कडेचा आकडा लागू.

मग हे पाळा:

- रेडियस चार्टमधल्या दोन ओळींच्या मधे आला तर मोठ्या रेडियसची ओळ वाचा. बूमची लांबी दोन रकान्यांमधे आली तर दोन्ही आकड्यांपैकी लहान घ्या.
- चार्टमधला आकडा हा हुक ब्लॉक, स्लिंग, स्प्रेडर सगळं धरून आहे. बूमला मुडपून ठेवलेली जिबही (बूमच्या टोकाला लावायचा जोडहात) वजा करावी लागते. किती, ते चार्टच्या टिपेत असतं. टिपा वाचा.
- चार्ट उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्क्यांवर बनवलाय की ८५ टक्क्यांवर, तेही तिथेच लिहिलेलं असतं.
- दोराचे फेरे मोजा. एका फेऱ्याला ७ टन असतील आणि ब्लॉकमध्ये सहाच फेरे ओवले असतील तर चार्ट काहीही म्हणो, ४२ टनांच्या वर जाता येत नाही.

बऱ्याच चार्टमध्ये एक जाड रेघ किंवा रंगाचा फरक असतो. एका बाजूचे आकडे उलटण्याने ठरलेले, दुसऱ्या बाजूचे बूमच्या ताकदीने. उलटण्याच्या बाजूला मागचा पाय हलका होतो, ऑपरेटरला ते जाणवतं. ताकदीच्या बाजूला काहीच जाणवत नाही. बूम सरळ मोडते. "पाय उचलला नाही म्हणजे ठीक आहे" ही जुन्या ऑपरेटरांची समजूत तिथे घात करते.

चार्टचे आकडे क्रेन समतल असताना खरे, बहुधा १ टक्क्याच्या आत. ४० मीटर उंच टोक १ टक्का कललं की ४० सेंटीमीटर बाजूला जातं. लांब बूम आणि लहान रेडियस असेल तर ३ अंशांच्या कलाने क्षमता निम्म्यापर्यंत घटू शकते.

निवडीसाठी मी चार्टच्या ८५ टक्क्यांपुढे जात नाही. एकाच क्रेनने आपला गर्डर उचलायचा तर ६१ भागिले ०.८५, म्हणजे ठरलेल्या रेडियसला सुमारे ७२ टन क्षमता हवी. रेडियस १४ मीटर असेल तर शोध बहुधा ३०० टनांच्या पुढच्या वर्गात जातो. सुरुवातीची ती "डबल" शंभर टनी क्रेन इथे कुठेच बसत नाही.

## टप्पा ७: दोन क्रेन लावायच्या असतील

दोन क्रेनची क्षमता सरळ बेरीज करून मिळत नाही. प्रत्येक क्रेन तिच्या चार्टच्या ७५ टक्क्यांपर्यंतच वापरायची ही रूढ मर्यादा आहे. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. आपल्या गर्डरचे अर्धे २७.५ टन, अधिक हुक ब्लॉक आणि स्लिंग मिळून २ टन. २९.५ भागिले ०.७५, म्हणजे प्रत्येकीला १० मीटर रेडियसवर ३९.३ टन हवेत.

अर्धे-अर्धे केव्हा? लिफ्टिंगच्या जागा गुरुत्वमध्यापासून समान अंतरावर असतील तेव्हाच. डाव्या टोकापासून १ मीटरवर आणि उजव्या टोकापासून ४ मीटरवर हुक असतील तर डाव्या क्रेनवर २४.२ आणि उजव्या क्रेनवर ३०.८ टन येतात. मध्याच्या जवळची क्रेन जास्त सोसते; पुष्कळांना याच्या उलट वाटतं.

शक्यतो एकाच मॉडेलच्या, सारख्या वेगाच्या क्रेन घ्या. एका वेळी एकच हालचाल करा, हुकाचे दोर उभेच राहतील असं बघा. इशारे एकाच माणसाने द्यायचे. दोन बाजूंना दोन सुपरवायझर ओरडत असतील तर लिफ्ट थांबवा.

## टप्पा ८: वारा, तारा आणि येण्याची वाट

वाऱ्याची मर्यादा चार्टमध्ये असते, पण ती साधारण आकाराच्या लोडसाठी. ३० मीटर लांब, २ मीटर खोल गर्डर म्हणजे ६० चौरस मीटरचं शीड. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात त्याच्यावर किमान पावणेचारशे किलोंचा आडवा जोर येतो. वारा १४ झाला की दुप्पट. वेग बूमच्या टोकाशी मोजा, जमिनीवर तो कमीच भरतो. दोन्ही टोकांना टॅग लाइन (लोड फिरू नये म्हणून खालून धरायचा दोर) हवीच.

विजेच्या तारांपासूनचं अंतर स्थानिक नियमाप्रमाणे, आणि ते बूम, दोर, लोड सगळ्यांना लागू. व्होल्टेज माहीत नसेल तर वीज कंपनीकडून लेखी घ्या. तारेकडे बघून ओळखता येत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे तेवढा वेळ पुरवठा बंद करून घेणं.

वाटेचं थोडक्यात: ऑल टेरेन क्रेनचा एका आसावरचा भार १२ टन किंवा अधिक असतो. वाटेतल्या मोऱ्या, कमानी, वळणं मोजून या. काउंटरवेटचे ट्रेलर वेगळे येतात, तेही कुठेतरी उभे राहणार.

## टप्पा ९: मागणी, कागद आणि चाचणी

आता फोन करा. पण टन सांगू नका. असं लिहून पाठवा: "एकूण लोड २९.५ टन, कमाल रेडियस १० मीटर, बूमचं टोक २१ मीटर, चार्टच्या ७५ टक्क्यांच्या आत, आउटरिगर पूर्ण उघडे. मॉडेल, काउंटरवेट, लोड चार्ट आणि प्रत्येक पायावरचा भार कळवा." उत्तरात चार्ट आला नाही तर ती क्रेन घेऊ नका.

क्रेन गेटवर आली की नंबर प्लेट नव्हे, मॉडेल आणि अनुक्रमांक चार्टशी जुळवा. ठरल्यापेक्षा कमी काउंटरवेट पाठवलेलं असू शकतं; तुकडे मोजा. चाचणीचं प्रमाणपत्र, ऑपरेटरचा परवाना, स्लिंग-शॅकलवरचे शिक्के बघा. शिक्का वाचता येत नसेल तर ती स्लिंग बाजूला काढा.

मग रिकाम्या हुकाने पूर्ण मार्ग एकदा फिरवून घ्या: उचलण्याची जागा, वळण, ठेवण्याची जागा. रेडियस टेपने मोजा आणि कॅबिनमधल्या स्क्रीनशी पडताळा. त्यानंतर गर्डर बेडवरून किंवा ट्रेलरवरून १५० ते २०० मिलिमीटर वर घ्या आणि पाच मिनिटं तसाच धरा. चारही मॅटच्या कडा, लेव्हल, दोर आणि ब्रेक बघा. स्क्रीनवरचं वजन तुमच्या गणितापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त दिसलं तर गर्डर खाली ठेवा आणि पहिल्या टप्प्यापासून पुन्हा हिशोब करा, रस्ता बंद ठेवण्याची परवानगी अर्ध्या तासात संपत असली तरीही.